काकाजी आणि लेकाचं नेट

माणसाला सरळ प्रश्न विचारून उत्तर घेणं ही तशी जगातली सगळ्यात सोपी गोष्ट. पण मुर्रीतल्या आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात ती एकदाच केली असावी, आणि तीही नको त्या वेळी. एरवी त्यांना जे काही समजून घ्यायचं असे ते ते अंदाजाने काढत. हयात राइस मिलमध्ये गेलेली. तिथे कान देऊन मशीनचं दुखणं ओळखायची सवय लागली, आणि पुढे तीच सवय त्यांनी माणसांनाही लावली. माणसांच्या बाबतीत एक जास्तीची सोय असते, विचारलं की ती सांगतात, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

मी साताऱ्याची. बँकेने बदली करून गोंदियाला पाठवलं, तेव्हा शहराला लागूनच असलेल्या मुर्रीत त्यांच्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला. सगळी आळी त्यांना काकाजी म्हणे, मीही म्हणू लागले. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही. माझ्या बोटांकडे नजर टाकून, जिन्याला सांगावं तसं म्हणाले, "वरती उन्हाळ्यात तपते. पण ब्यांकवाले दिवसा घरी नसतेत." माझ्या बोटाला शिक्क्याची शाई लागली होती. मी थक्क झाले. आठवड्याभराने माझं सामान आलं, त्यात दोन कप होते. त्यावरून माझं लग्न ठरलंय असं काकाजींनी धरलं. मग कोणाला काही न सांगता त्यांनी न्हाणीघराची कडी बदलली, जिन्याला नवा बल्ब लावला, आणि रविवारी कोणी पुरुष माणूस गल्लीत शिरला की ते शर्ट घालून ओसरीवर येऊन बसत. दोन-तीन महिने हे असंच चाललं. शेवटी काकीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिना चढून वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काऊन वं, तुयं लग्न ठरलं का?" मी नाही म्हणताच त्यांनी कठड्यावरून खाली आवाज दिला, "नाई ठरलं जी. दोन कप असेच हायेत."

भाजी घेताना काकाजी भाव विचारत नसत. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सौदा होईपर्यंत शेजारी उभे राहत, आणि तो ऐकून तेवढेच पैसे पुढे करत. गिऱ्हाईक आलंच नाही तर भाजीही येत नसे. एकदा त्यांना बहिणीकडे अर्जुनी मोरगावला जायचं होतं. एसटी स्टँडवर कुठली गाडी लागली आहे हे कोणाला विचारायचं नव्हतंच. अर्जुनीचा एक ओळखीचा माणूस दिसला, तो ज्या गाडीत चढला त्याच गाडीत हेही चढून बसले. तो माणूस नेमका सासुरवाडीला निघाला होता, आणि त्याची सासुरवाडी होती तिरोड्याला, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. काकाजी तिरोड्याला उतरले, चहा प्यायले, संध्याकाळी परत आले आणि चपला काढता काढता काकीजींना म्हणाले, "तिरोड्याकडं धान चांगला हाय औंदा." बहिणीकडचा कार्यक्रम चुकला याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण कंडक्टरला एक शब्द विचारायला काय झालं होतं, असं काकीजींनी विचारलं तेव्हा ते पाय धुवायला निघून गेले.

त्यांचा स्वभाव चालून गेला तो काकीजींमुळे. घरातलं विचारण्याचं खातं सगळं त्यांच्याकडे होतं. एकुलता एक मुलगा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला होता. त्याचा फोन आला की काकीजी पंख्याखाली बसून मोकळ्या आवाजात विचारत: काय जेवला, साहेब रागावते का, खोकला गेला का, पगार झाला का. काकाजी शेजारी पाठ करून बसलेले असत. त्यांना वाटे आपण ऐकतोय हे कोणाला समजत नाही. मध्येच ते भिंतीकडे बघून पुटपुटत, "तिकडं थंडी पडली म्हणते." मग काकीजी विचारत, "स्वेटर हाय ना रे?" अशा रीतीने बाप-लेकाचं बोलणं होत असे, आणि दोघांनाही ते पुरत असावं.

मी तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, काकीजी आजारी पडल्या. आधी गोंदियाला दाखवलं, मग नागपूरला नेलं. चार-सहा दिवसांत खेळ आटोपला. मुलाला रजा मिळेना. मिळाली तेव्हा तो गाडीत बसला, पण तो घरी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. अंगणात माणसं बसली होती. तो खांद्याला बॅग अडकवून आत आला आणि बापासमोर उभा राहिला. काकाजींनी मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत त्याला विचारलं, "जीव गेल्यावर कायले आला?"

आयुष्यातला तो त्यांचा एकमेव सरळ प्रश्न. मुलाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. तेरवीपर्यंत राहिला, जे जे करायचं ते सगळं त्याने मान खाली घालून केलं, पाहुण्यांची पानं वाढली, भांडी घासायलाही बसला. चौदाव्या दिवशी सकाळी निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. काकाजींनीही केला नाही.

पुढे एका रविवारी काकाजी वर आले आणि आपला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघू लागले. आता त्यांची रीत मलाही कळू लागली होती. रिचार्ज संपलं होतं. ते काम आजवर काकीजी गल्लीतल्या दुकानातून करून घेत. मी त्यांच्या फोनवर त्या कंपनीचं ॲप टाकून दिलं आणि बटणं कशी दाबायची ते दाखवलं. मुलाचं सिमही कॉलेजच्या दिवसांपासून काकाजींच्याच नावावर होतं, त्यामुळे त्यांच्या नंबरखाली त्याचाही नंबर आपोआप आला. रिचार्ज कधी संपणार ते तिथे दिसत होतं, आणि आज दिवसभरात नेट किती वापरलं तेही दिसत होतं. काकाजी खिडकी सोडून टेबलाशी आले, चष्मा पुसला आणि वाकून बघत राहिले. मी बघत असतानाच मुलाच्या नंबरपुढचा आकडा थोडा वाढला.

"हे आत्ताचं असन," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि जिना सावकाश उतरून गेले.

त्या दिवसापासून काकाजींचा दिवस त्या आकड्यावर चालू लागला. सकाळी चहाच्या आधी ते ॲप उघडत. मी बँकेत जायला खाली उतरले की तुळशीला पाणी घालता घालता ते मला बातमी देत. "उठला. सहाले उठला आज, फस्ट शिफ्ट हाय." दुपारभर आकडा हलला नाही तर "ड्यूटीवर हाय", संध्याकाळी भरभर वाढला तर "पिक्चर पाहून राहिला". एका रविवारी नेट फारच खर्च झालं तेव्हा त्यांना काळजी लागली: पडून राहिलाय, म्हणजे स्वयंपाक केला नसणार. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी केलेली भाजी अर्धी मला आणून दिली, जशी काही ती त्याच्या वाटणीची होती. मध्यंतरी महिनाभर नेटचा वापर एकदम उतरला. काकाजी खुशीत होते. "कोणाशी तरी बोलत असते तो आजकाल," ते म्हणाले, "बोलणाऱ्याले पिक्चर लागत नाई." मला हसू आलं. कारखान्यात वायफाय लागलं असेल असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

एकदा मात्र सबंध दिवस आकडा शून्यावर राहिला. मी संध्याकाळी परतले तेव्हा ओसरीवर दिवा नव्हता आणि काकाजी फोन मांडीवर घेऊन बसले होते. सकाळपासून जेवले नव्हते. मी म्हटलं, काकाजी, एक फोन करा ना, दोन मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, "फोन केला तर बोला लागन." सकाळी मी उठले तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर गरम जिलेबीचा पुडा ठेवलेला होता. आकडा चालू झाला होता.

रिचार्जही ते स्वतःच करत. संपायच्या आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, ते ओसरीवर बसत आणि एकेक बटण दाबत. पैसे गेल्याचा आवाज आला की फोन कपाळाला लावत. मुलाला तिकडे संदेश जात असणार. तो काही उत्तर देत नव्हता, पण त्याने तो नंबर बदललाही नव्हता.

मग पावसाळा सरता सरता त्या ॲपवर लाल पट्टीत एक इंग्रजी सूचना येऊ लागली. काकाजींनी ती मला दाखवली. हे ॲप अमुक तारखेपासून बंद होत आहे, ग्राहकांनी कंपनीचं नवं ॲप घ्यावं, गैरसोयीबद्दल दिलगिरी, असं काहीतरी लिहिलं होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असावं की नाव बदलेल, रंग बदलेल, आतलं तेच राहील. मलाही तसंच वाटलं होतं.

ॲप बंद पडलं त्या आठवड्यात मी त्यांना घेऊन गोंदियाच्या बाजारातल्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथे आमच्यासारख्यांचीच गर्दी होती. एका दूधवाल्याच्या घरात चार फोन होते आणि चौघांचं रिचार्ज तो एकटा करत असे. आता काय करायचं म्हणून तो चारही फोन घेऊन आला होता. एका म्हाताऱ्या बाईला वाचता येत नव्हतं. हिरव्या गोलाला हात लावला की पैसे भरले जातात एवढं तिने पाठ केलं होतं, आणि नव्या ॲपात हिरवा गोलच नव्हता. ती काउंटरवरच्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "बेटा, वो हरा वाला वापस ला दे." मुलगी सकाळपासून तेच तेच बोलून थकलेली होती, तरी वैतागत नव्हती. आमचा नंबर आला तेव्हा तिने काकाजींच्या फोनवर नवं ॲप टाकून दिलं, त्यांचा नंबर चालू केला, आणि मुलाचा नंबर टाकल्यावर थांबली. "अंकल, इस नंबर पे ओटीपी गया है. फोन लगा के पूछ लो."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की आता दुसरा नंबर जोडायचा तर त्या फोनवर आकडे येतात, ते तिकडून विचारून इकडे भरावे लागतात.

"ईचारून," काकाजी म्हणाले.

मुलगी वाट बघत होती, मागे रांग होती. मी हळूच म्हटलं, मी लावू का फोन. काकाजींनी फोन काउंटरवरून उचलला, खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाले, "रहने दो बेटा."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी त्यांना व्हॉट्सॲपवर माणूस शेवटचा कधी आला होता ते दिसतं म्हणून दाखवायला गेले, तर मुलाने ते झाकून ठेवलेलं होतं आणि फोटोच्या जागी मोटरसायकल होती. काकाजी त्या मोटरसायकलीकडे बराच वेळ बघत राहिले. चाकं पुसलेली आहेत एवढंच त्यांना त्यातून काढता आलं. मग ते पेपरात पुण्याचा पाऊस शोधू लागले. बातम्यांत पुण्याकडचा रस्ता तुंबलेला दाखवला की ते खुर्ची टीव्हीजवळ ओढून गर्दीतल्या माणसांची तोंडं बघत. तुळशीपाशी मला मिळणारी सकाळची बातमी थांबली. मला सवय झाली होती. जिना उतरले की पावलं आपोआप हळू होत, आणि काकाजी पाणी घालताना मान खाली ठेवत.

दिवाळीला मी साताऱ्याला गेले. परत आले तर काकाजी खळ्यातून आणलेलं धान अंगणात पसरत होते. घरामागे त्यांचा लहानसा तुकडा होता, वर्षाचा तांदूळ त्यातून निघे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मुलाचं रिचार्ज संपायची तारीख आता त्यांना कुठेच दिसत नव्हती. त्यांच्या हिशेबाने अजून दिवस बाकी होते. मी दिवस मोजले. मला शंका आली, पण रात्र झाली होती, म्हटलं उद्या दुकानात जाऊन करू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे काढत असताना मुलगा फाटक उघडून आत आला. खांद्याला तीच बॅग होती. पसरलेल्या धानाच्या कडेला तो थबकला. काकाजी पलीकडे पायाने धान परतत होते. दोघांच्या मध्ये पिवळं अंगण होतं, आणि त्यावर पाय देऊन कोणीच पुढे येईना.

"रिचार्ज आलं नाई," मुलगा म्हणाला. "तीन दिवस झाले. दोस्ताच्या फोनवरून लावत होतो तर तुमी उचलून नाई राहिले. मले वाटलं..."

काकाजी अनोळखी नंबर उचलत नसत, उचलू नका असे फलक आमच्याच बँकेत लावलेले होते. रिचार्ज तर त्याला स्वतःलाही करता आलं असतं. पण ते दर महिन्याला आदल्या दिवशी सकाळी येई, आणि त्यावरून बाप उठला, आंघोळ केली, चष्मा लावला एवढं त्याला पुण्यात बसून कळत होतं. त्या बाबतीत तो बापाचाच मुलगा निघाला.

"ते ॲप बंद झालं ना," काकाजी म्हणाले. मग ते माझ्याकडे वर बघून बोलले, "मॅडम, गाडी येळेवर होती वाटते आज." आणि घरात जाऊन त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

रात्रीचं जेवण तिघांनी खालीच केलं. भात, वरण आणि वांग्याची भाजी. काकाजी मुलाच्या ताटाकडे बघून वाढत होते. शेवटी ताक ओतता ओतता ते थांबले आणि भांड्यातच बघत म्हणाले, "तवा मी ईचारलं, ते ईचाराचं नव्हतं."

मुलगा भात कालवत होता. घास ताटातच ठेवून म्हणाला, "मले सुट्टी नव्हती भेटली बाबा."

"मालूम होतं," काकाजी म्हणाले.

मी ताट उचलून आत गेले आणि गरज नसताना पाणी वाहतं ठेवून भांडी घासत बसले.

मुलगा चार दिवस राहिला. धान पोत्यात भरून दिलं, आईच्या फोटोची काच बदलून आणली. जायच्या दिवशी मी काकाजींना म्हटलं, आता तो इथेच आहे, त्याच्या फोनवरचे आकडे बघून नवं ॲप जोडून टाकू. मुलाने लगेच फोन पुढे केला. काकाजींनी मात्र नको म्हटलं. "तो फोन करन म्हणते दर इतवारी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

त्याप्रमाणे फोन येऊ लागला. पण काकीजी नव्हत्या, आणि विचारायचं खातं कोणाकडेच नव्हतं. बरा हाय. जेवलो. हो. तुमी? बरा हाय. एवढ्यात सगळं संपे. फोन ठेवल्यावर काकाजी तो हातात उलटसुलट करत बसत. एकदा ते मला म्हणाले, "त्या ॲपात जास्त समजत होतं मॅडम. कवा झोपला, कवा उठला. आता बरा हाय म्हणते, तं बरा हाय मानाव लागते." त्यात तक्रार नव्हती. एखाद्या जवळच्या माणसाबद्दल बोलावं तसे ते त्या बंद पडलेल्या ॲपबद्दल बोलत होते.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी रविवार होता. सामान टेम्पोत चढलं होतं, मी निरोप घ्यायला खाली गेले तर मुलाचा फोन चालू होता. काकाजींनी तो मोठ्या आवाजावर करून खाटेवर ठेवला होता. ठरलेली वाक्यं बोलून झालेली असावीत, कारण कोणीच बोलत नव्हतं. पण फोन कोणी ठेवलाही नव्हता. पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला. भांडं आपटलं. कोणाच्या तरी खोलीत टीव्ही लागलेला होता. काकाजी डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून ऐकत होते. मला त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. मी बसले. टेम्पोवाल्याने बाहेरून हॉर्न दिला, तरी आम्ही कोणी हललो नाही. तिकडे कुकरची शिटी झाली, थोड्या वेळाने आणखी एक झाली.

"गॅस बारीक कर," काकाजी म्हणाले.

पलीकडे पावलं वाजली, थांबली. "केला," मुलगा म्हणाला.